जाळी मृणूकडे

खरं तर हे कुणालाही सांगायचं नाही असं ठरलं होतं. सगळं नाही, फक्त शेवटचा किस्सा. पण शेवटचा सांगायचा तर आधीचे सांगावेच लागतात, आणि आधीच्यांवर कुणाची बंदी नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आमच्या गाडीच्या डिकीत कायम वाळू असते. दर शुक्रवारी बाबा इथे कतारमधल्या मेसईदच्या किनाऱ्यावर गळ टाकायला जातात आणि येताना थोडी वाळू बरोबर येतेच. आई व्हॅक्यूम लावते, तरी पुढच्या आठवड्यात ती तितकीच! बाबांच्या मासेमारी मंडळाचे किस्सेही असेच साठलेत. मुद्दाम कुणी आणले नाहीत, पण आता काढायचे म्हटले तर निघत नाहीत.

मंडळ म्हणजे तीन माणसं. एक बाबा. दुसरे त्यांच्याच ऑफिसातले जोगळेकर काका. तिसरे सावंत काका. ते क्रेन चालवतात, बिरकत अल अवामेरला कंपनीच्या खोलीत राहतात आणि मूळचे मालवणकडचे. शिवाय दोन मुली: जोगळेकर काकांची इरा आणि मी. इरा माझ्याच वर्गात आहे आणि अल थुमामाच्या आमच्याच कंपाउंडमध्ये, बरोबर समोरच्या व्हिलात राहते. ती बोलते. मी ऐकते.

बाबांचं एक आवडतं वाक्य आहे: "बघ, इरा कशी करते!" मी पाचवीत असल्यापासून ते ऐकतेय. सायकल, कीबोर्ड, पाहुण्यांशी हसून बोलणं, सगळ्याला तेच वाक्य. माझी इच्छा फार मोठी नव्हती. एकदा, फक्त एकदा, बाबांनी तिथे माझं नाव घालावं.

*

सुरुवात एका फोटोपासून झाली. मागच्या ऑक्टोबरमध्ये जोगळेकर काका हिमाचलला गेले आणि डोंगरातल्या नदीवर फ्लाय फिशिंग करून आले. म्हणजे गळाला किडा किंवा कोळंबी लावायची नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची आणि ती लांब दोरीने अलगद पाण्यावर टाकायची. फोटोत काकांच्या हातात एक ट्राउट मासा होता. मासा तळहाताएवढा, काकांचं हसू त्याहून मोठं.

बाबांनी फोटो बोटांनी मोठा केला. मासा बाजूला सारला आणि मागची नदी बघत बसले. काचेसारखं पाणी, तळाचे गोटे मोजता येतील असं.

"बारा वर्षं मी इथे उन्हात उभा राहून गळ टाकतोय," बाबा म्हणाले. "आणि हा चार दिवस जातो काय, आणि असल्या पाण्यात उभा राहून येतो काय!"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला नक्की मासा हवाय की जोगळेकर व्हायचंय?"

बाबांनी नदी आणखी मोठी केली. त्याच आठवड्यात आमच्याकडे रॉडचं पार्सल आलं. आमची दहावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्ये दोन्ही कुटुंबांनी हिमाचलला जायचं ठरलं.

*

आता सराव करायचा तर नदी हवी. कतारमध्ये एकही नदी नाही. म्हणून बाबा आणि काका कंपाउंडमधल्या हिरवळीवर दोरी फेकायला लागले. एक हात वर, मग मागे, मग पुढे. लांबून बघितलं तर दोन मोठी माणसं अदृश्य बैल हाकतायत असं वाटायचं.

गेटवरचे गुरुंग भाऊ तीन दिवस नुसते बघत होते. ते नेपाळचे. चौथ्या दिवशी जवळ आले.

"सर, पानी किधर है?"

"हिमाचल में!" बाबा म्हणाले.

गुरुंग भाऊंनी दोरीकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं.

"तो रस्सी छोटी है, सर."

*

हिरवळीची पट्टी अरुंद. एका वेळी तिघांनीच दोरी फेकायची, नाहीतर कुणाच्या तरी कानात माशी अडकायची. बाबा, काका आणि इरा. मला कुणी नको म्हटलं नाही, पण मी पुढे झाले नाही, आणि मी पुढे झाले नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझं नेहमी असंच होतं.

मग मी पार्किंगमध्ये जायचे. दोन गाड्यांच्या मधे गाडी धुवायची बादली ठेवायची आणि चार पावलांवरून तिच्यात माशी टाकायची. जोर लावायला जागाच नव्हती. नुसतं मनगट. बंपरला दोरी लागू द्यायची नाही, आवाज होऊ द्यायचा नाही. महिन्याभरात दहातल्या नऊ वेळा माशी बादलीत पडायला लागली.

तिकडून बाबांचा आवाज यायचा, "वा! इरा, काय लांब गेली! मृणू, ए मृणू, बघ जरा!"

इरा ओरडायची, "काका, इट्स ऑल इन द रिस्ट!"

रिस्ट माझंही होतं. बादलीला दिसत होतं.

*

पिसांचाही एक किस्सा आहे. माश्या घरीच बनवायच्या असं काकांनी ठरवलं. त्यासाठी बाबा मला घेऊन सूकमधल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, ससाण्यांच्या दुकानात गेले. डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या घालून बसलेले ससाणे, आणि बाबा खाली वाकून गालिच्यावर गळलेलं पीस शोधतायत!

दुकानदाराने नम्रपणे विचारलं, काय हरवलंय? बाबांनी सांगितलं, पीस हवंय, गळलेलं चालेल. दुकानदार हसला. म्हणाला, इथे गळलेलं पीस कुणी टाकत नाही. ससाण्याचं पीस मोडलं तर जुनं पीस जोडून दुरुस्त करतात, नाहीतर तो नीट उडत नाही.

"शुक्रन," बाबांनी आभार मानले आणि आम्ही निघालो.

दोन दिवसांनी आईने धूळ झटकायचा पिसांचा झाडू उचलला. हातात नुसती काठी!

आई काठी घेऊन हॉलमध्ये आली. टेबलावर बारा माश्या ओळीने वाळत होत्या. "छान झाल्यात," ती म्हणाली. "आता पंख्यावरची धूळ यांनाच पुसायला सांगा."

*

जायच्या आधी कंपाउंडमध्ये स्पर्धा झाली. आईची मोठी परात पाणी भरून हिरवळीच्या टोकाला ठेवली आणि प्रत्येकाने तीन वेळा टाकायचं. काकांची माशी परातीच्या पलीकडे गेली. बाबांची झाडात अडकली. इराची एक आत पडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी शेवटची. रॉड बाकावर ठेवून पाणी प्यायला घरात गेले. परत आले, उभी राहिले. हात वर, मागे, पुढे. दोरी अगदी सरळ परातीवर गेली. पण दोरीच्या टोकाला माशीच नव्हती! ती मागेच कुठेतरी उडाली होती.

"गाठ सुटली," बाबा म्हणाले. "मृणू, गाठ नीट तपासायची असते. बघ, इरा कशी ओढून बघते!"

मी ती गाठ दोनदा ओढून बघितली होती. पण असं सगळ्यांसमोर म्हणायचं कसं? मी खाली बसून गवतात माशी शोधायला लागले. इराही माझ्याबरोबर शोधायला बसली. त्या दिवशी ती फार बोलली नाही.

*

सावंत काकांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून ते येणार नव्हते. निघायच्या आधीच्या शुक्रवारी मेसईदला बाबा त्यांना सांगत होते की आम्ही आता दोरी किती लांब टाकतो. सावंत काका गळाला कोळंबी लावत होते.

"एप्रिलात जातास? बर्फ वितळता तेवा? म्हणजे नदीक पूर!"

"थोडं पाणी वाढत असेल," जोगळेकर काका म्हणाले.

"साहेबानू, पूर इलो काय मासो मधी रवणा नाय, काठाक येता. मधी रवलो तर व्हावान जायत ना! तुम्ही ह्या लांब लांब टाकतास, ता कोणासाठी?"

काका आणि बाबा मोठ्याने हसले. नेमका तेव्हाच बाबांच्या गळाला हामूर मासा लागला, आणि ते बोलणं तिथेच खलास. पण मी ऐकलं होतं. मी कुणाला आठवण करून दिली नाही. मुद्दामच नाही दिली.

*

प्रवासाचा एवढाच किस्सा: जोगळेकर काकांच्या बॅगेचं वजन जास्त भरलं. त्यांनी नदीत उतरायची रबरी पँट बाहेर काढली. ती बुटांसकट एकसंध आणि थेट छातीपर्यंत येणारी. एअरपोर्टवरच ते ती घालून उभे राहिले. सिक्युरिटीवाल्याने ती काढायला लावली, पुढे गेल्यावर यांनी परत घातली. दिल्लीला उतरून बाहेर उन्हात टॅक्सीची वाट बघितली तासभर.

शेवटी एकदा त्यांनी पँट काढून तिचे बूट उलटे केले, तर घामाची धार लागली. इरा म्हणाली, "पप्पा, नदी आपण बरोबरच आणली की!"

बाबा इतके हसले! असं मला कधीच सुचत नाही. सुचलं तरी तोंडातून निघेपर्यंत टॅक्सी येते.

*

आणि मग नदी. फोटोतली नदी नव्हतीच ती. दुधाच्या चहाच्या रंगाचं पाणी, फांद्या आणि फेस घेऊन धावणारं. आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. सकाळी जरा शांत असायची. दुपारनंतर वरच्या बर्फाचं पाणी पोचलं की दगडसुद्धा दिसेनासे व्हायचे.

बाबांनी पाण्यात हात घातला आणि पटकन काढला. "मृणू, हे काल बर्फ होतं!" ते इतके खूश होते की मला क्षणभर इराचा विसर पडला.

दोन दिवस बाबा आणि काका प्रवाहाच्या बरोबर मध्यभागी लांबच लांब दोरी टाकत राहिले. दोन दिवसांत काकांना एक फांदी आणि बाबांना एक प्लास्टिकची पिशवी मिळाली.

"नदी खराब है," काका होमस्टेच्या मालकांना म्हणाले.

"नदी ठीक है, साहब," मालक म्हणाले. "आप महीना गलत ले आए."

*

आता तो किस्सा.

काठाला एक मोठा दगड होता. त्याच्यामागे पाणी संथ होतं, आमच्या बादलीपेक्षा थोडंच मोठं. दोन दिवस मी तिथेच चार पावलांवरून माशी टाकत होते. दुसऱ्या दिवशी दोनदा दोरीला झटका बसला. मासा तिथे होता! मी कुणालाच सांगितलं नाही. मला तो एकटीने काढून बाबांसमोर धरायचा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी इरा दमून माझ्याकडे आली. "मृणू, माझा हात गेला. इथे एकदा टाकू?"

नाही म्हणायचं होतं. मी बाजूला झाले.

तिने पहिल्यांदाच टाकलं. पहिल्यांदाच! रॉड वाकला. इरा किंचाळली, "मृणू, जाळी! जाळी!" वरच्या बाजूला बाबा आणि काकांनी वळून बघितलं आणि दगडांवरून धावत निघाले.

मी जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले. पाय बधिर झाले. इराने दोरी ओढत आणली आणि मासा अलगद माझ्या जाळीत आला. पिवळं पोट, अंगावर लाल ठिपके. माशी त्याच्या तोंडातून सुटून जाळीतच पडली होती. आता त्याला फक्त मी धरलं होतं.

बाबा वीसएक पावलांवर होते. ते काय म्हणणार हे मला शब्दन्‌शब्द माहीत होतं.

मी जाळीची कड दोन बोटं खाली केली.

फार नाही. दोनच बोटं. मासा एक क्षण तसाच थांबला, जणू त्यालाही खरं वाटेना. मग गेला.

मी वर बघितलं. इरा माझ्याकडे बघत होती. तिने सगळं बघितलं होतं.

"काय झालं?" बाबा धापा टाकत आले.

इरा म्हणाली, "सुटला, काका. माझीच लाइन सैल पडली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून पाण्यातच होते, रिकामी जाळी दोन्ही हातांत धरून.

"हरकत नाही," ते म्हणाले. "पण एवढ्या गार पाण्यात ही जागची हलली नाही! इरा, बघ. बघ, मृणू कशी उभी आहे!"

रात्री आम्ही दोघी एकाच खोलीत होतो. मी रजईतून विचारलं, "तू का नाही सांगितलंस?"

"तूपण कुणाला सांगायचं नाही," इरा म्हणाली. "प्रॉमिस कर."

"केलं. पण का?"

तिने रजई डोक्यावरून घेतली, परत काढली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "परातीच्या दिवशी तू पाणी प्यायला घरात गेली होतीस ना, तेव्हा तुझा रॉड बाकावर होता, आणि मी तुझी गाठ...

थांबा, बाहेरून बाबा हाक मारतायत: "मृणू! यल्ला, चल, किती वेळ? शुक्रवार आहे, सावंत काका थांबलेत! इरा कधीची गाडीत बसलीये. आणि ऐक, जाळी तूच घे, हं!"