हात दाबला की नंबर पुढे

मी तोतरी नव्हते, बोबडी तर नव्हतेच. मी अडखळत बोलायचे. यात फरक आहे, आणि तो मी आजही भांडून सांगते. माझे शब्द स्वच्छ होते, फक्त पहिलं अक्षर दारातच अडून बसायचं. सत्तरच्या दशकातलं नाशिक, शरणपूर रोडच्या मागची आमची चाळ, आणि मी पाचवीत. किराणा दुकानात 'सा... सा...' केलं की दुकानदार साबण पुढे करायचा. मला साबुदाणा हवा असायचा. पण परत पहिल्यापासून सुरुवात कोण करणार? मी मान डोलवायचे आणि साबण घेऊन घरी यायचे. आई म्हणायची, "आता काय साबणाची खिचडी करू?"

सगळे माझी वाक्यं पुरी करायचे. शाळेत बाई, घरी वडील, चाळीतल्या शेजारणीसुद्धा. प्रेमानंच करायचे, पण मला त्याचा भयंकर राग यायचा. हळूहळू मी बोलणंच सोडत चालले होते. असंच चाललं तर पोरगी कायमची मूग गिळून बसेल, असं आईनं वडिलांना सांगितलेलं मी ऐकलं होतं. मला समोर बसवून ती म्हणायची, "देवानं तुला आपल्या प्रतिरूपात घडवलंय. त्याच्या लेखी तू मोलाची आहेस." हे ऐकून बरं वाटायचं, पण लगेच प्रश्न पडायचा. त्याच्या प्रतिरूपात, म्हणजे देवही अडखळतो की काय?

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतली दहाबारा माणसं कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमायची. सतरंजीवर गोल बसायचं, शेजाऱ्याचा हात धरायचा, डोळे मिटायचे आणि एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. ही साखळी प्रार्थना. ज्याला बोलायचं नसेल त्यानं पुढच्याचा हात दाबायचा, म्हणजे 'माझं राहू द्या, तुम्ही बोला.' मी दाबण्यात पटाईत होते. एकदा दाबून मोकळी झाले की एक डोळा उघडून बघत बसायचे. डोळे मिटलेली माणसं बघायला मला फार आवडायचं. आमच्या शेजारच्या नर्सबाई प्रार्थना करताना भुवया उडवायच्या. एक काका तर घरातलं इतकं बारीकसारीक सांगायचे की देवाला यातलं काहीच ठाऊक नसावं असं वाटे. मग मोठ्यानं सांगायचंच कशाला? सगळं त्याला आधीच माहीत असतं ना?

हे मी एकदा पाळकसाहेबांना गाठून विचारलं. त्यांनी माझा प्रश्न अर्ध्यावरच ओळखला, पुरा केला आणि हसून म्हणाले, "हे त्यालाच विचार की." हे उत्तर होतं की त्यांनी आपली सुटका करून घेतली, ते मला कळेना.

पुढच्या बुधवारी प्रार्थना आमच्याच घरी होती. माझ्या उजव्या हाताला नर्सबाईंची सासू बसली होती, सायखेड्याहून नुकतीच आलेली म्हातारी. तिच्या गावी पाळक प्रार्थना करायचे आणि बाकीचे आमेन म्हणायचे. साखळी तिनं कधी बघितलीच नव्हती, आणि तिला नियम सांगायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माझा नंबर आला. मी तिचा हात दाबला. तिला वाटलं, पोर घाबरलंय. तिनं माझा हात दाबला. मी पुन्हा जरा जोरात दाबला. तर तिनं दुसराही हात सोडवून आणला आणि माझा हात थोपटत बसली. सगळे माझ्यासाठी थांबले होते. एक डोळा उघडून पाहिलं, तर कुणीच माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. आणि मधे बोलायची कुणाला सोयच नव्हती. दुसऱ्याच्या प्रार्थनेतलं वाक्य कोण पुरं करतं?

"दे... दे... देवा," मी म्हटलं. पाठ केलेली एक ओळ आठवेल तर शपथ. "तुला सगळं आ... आ... आधीच माहीत असतं, तर मी का बो... बोलायचं?"

एवढंच. पण ते बाहेर यायला बराच वेळ लागला. मधे वडील खाकरले, मला वाटलं आता हे बोलणार, पण तेही गप्प राहिले. मी आमेन म्हटलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं, इतरांच्या वेळी म्हणायचे तसंच, ना जास्त ना कमी. ते मला विशेष आवडलं.

नंतर बशीत चहा ओतता ओतता म्हातारी मला म्हणाली, "आईला ठाऊकच हाय ना लेकरू काय बोलणार ते. म्हणून ती ऐकायची ऱ्हाती का?"

मला ते पुरतं पटलं नाही. आईला ठाऊक असलं की आई मधेच वाक्य तोडते, हा माझा रोजचा अनुभव. पण कुणीतरी ऐकायला बसलंय आणि त्याला अजिबात घाई नाही, ही गोष्ट डोक्यात राहिली. असा कुणी असेल तर आपणही काहीतरी असू, असं मला पहिल्यांदा वाटलं.

त्याच्या पुढच्या बुधवारी प्रार्थना नर्सबाईंकडे होती. दारातच त्या मला म्हणाल्या, "आता सासूबाईंना नियम नीट समजावलाय हं, काळजी करू नकोस." मी मुद्दाम म्हातारीच्याच शेजारी बसले, का ते विचारू नका. माझा नंबर आला. जित्याची खोड, मी तिचा हात दाबला. आता बोलायचं तिनं होतं. तिनं माझा हात परत दाबला आणि गप्प बसून राहिली.

मग मी बोलले. बराच वेळ बोलले.

दुसऱ्या दिवशी दुकानात 'सा... सा...' झालं आणि साबण पुढे आला. मी तो परत सरकवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.