काळं भांडं

मी हैदराबादेला कॉलेजात शिकायला निघालो, तेव्हा धर्माबाद स्टेशनापर्यंत बापू, म्हणजे माझे वडील, बैलगाडीतून सोडायला आले. "जमलं तर जमलं," ते म्हणाले, "न्हाई तर तहसील कचेरीत चिटकवतो तुला. साहेबाला बोलून ठिवलंय." त्यांनी धीर द्यायला म्हटलं असेल, मला मात्र ते गळ्यातल्या दाव्यासारखं वाटलं. कागदांच्या नकला करत बिलोलीत म्हातारं व्हायचं नाही, हे गाडी सुटायच्या आतच मी ठरवून टाकलं. मायनं बांधून दिलेले धपाटे त्या रागातच निजामाबाद यायच्या आत फस्त केले.

गावी राहिलेले तुम्ही विचारता, हैदराबादेत एवढं काय अवघड होतं? माझ्यामागून निघालेले विचारत नाहीत, त्यांना ठाऊक आहे. निजामाचं राज्य, कॉलेज सगळं उर्दूत. मला वाटायचं, कचेरीतले दरखास्त नि फेरफार हे शब्द ऐकत वाढलेला मी, मला कसली भीती! पण पदार्थविज्ञानाचे उस्ताद उष्णतेला हरारत नि लाटेला मौज म्हणत भराभरा पुढं जायचे, आणि माझी कचेरीतली उर्दू मागं धापा टाकत राहायची. विजेचा दिवासुद्धा मी तिथंच पहिल्यांदा पाहिलेला. विजेची वाट तारांमधून कशी फिरते, हे मला कोण सांगणार?

सोबती एकच, नांदेडचा हमीद. त्याच्या घरी भांड्यांना कल्हई करायचा पिढीजात धंदा. उष्णतेच्या प्रयोगाला, तिथल्या भाषेत तजुर्ब्याला, आम्ही दोघं वेळेआधी पोचलो. टेबलावर तांब्याची दोन सारखी भांडी होती, एक लख्ख आणि दुसरं काळंकुट्ट.

"कोण ठिवलं असं?" मी म्हणालो. "घरी असं भांडं दिसलं तर माय जेवू घालायची न्हाई."

"हमारे यहाँ तो अब्बा दुकान से निकाल देते," हमीद म्हणाला आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून चिंच घेऊन आला. आम्ही ते भांडं असं घासलं, की तोंड पाहून घ्यावं.

उस्ताद आले आणि बघतच राहिले. काळं भांडं लवकर निवतं की लख्ख, हेच तर त्या दिवशी दाखवायचं होतं. काजळी मुद्दाम धरलेली होती. सगळा वर्ग हसला. उस्ताद हसले नाहीत. "कल तक ये तजुर्बा करके दिखाओ," ते म्हणाले, "नहीं तो दोनों घर जाओ।"

घर जाओ! घर म्हणजे तहसील कचेरी. मला असा राग आला, की भीती पार पळाली. हमीद म्हणाला, "माफी माँग लेते।" मी म्हणालो, "माफी कशाला? काळं करू." चमकवणं दोघांच्याही घरी होतं, काळं करणं कुणालाच येत नव्हतं. रॉकेलच्या धुराची काजळी हात लागताच निघून यायची. मग आठवलं, माय डोळ्यांत घालायचं काजळ एरंडेलाच्या दिव्यावर धरते, सावकाश, वात बारीक ठेवून. तसं धरलं. हात भाजले, पहिल्या वेळी काजळी एकीकडं जाड नि एकीकडं पातळ बसली, पुसून पुन्हा धरलं. दुसऱ्या दिवशी दोन्हींत सारखं कढत पाणी ओतलं, आणि काळ्या भांड्यातल्या उष्णतामापकाचा पारा डोळ्यांदेखत भराभरा उतरू लागला. उस्ताद उष्णतामापक हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. "कल से मौजें शुरू," एवढंच म्हणाले, "वक़्त पे आना।"

आम्ही वेळेवर गेलो. पुढं लाटा कळल्या, विजेच्या तारा कळल्या, परीक्षाही पार पडली. तेव्हापासून आमच्या पोरांना मी एकच सांगतो, हसणाऱ्यांकडं बघू नका, कामाकडं बघा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बिलोलीला आलो. बापूंनी कचेरीचं नावसुद्धा काढलं नाही. अंगणात बाज, आंब्याचा रस, मायचा हात पाठीवर, सगळं गोड होतं. सुट्टी संपत आली तेव्हा ट्रंक आवरता आवरता मी सहज बोलून गेलो, "माय, परवाच्या हैदराबादच्या गाडीनं घरी निघावं लागंल."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. माय दारात उभी होती. ती आत आली. मग पदरानं ट्रंकेवरची धूळ पुसत म्हणाली, "जा बाबा. घर लई दिस बंद ठिवू न्हाई."