मिस्त्रीच्या फोनातल्या किल्ल्या

पलूसच्या आमच्या द्राक्षबागांत मोबाईलवर चालणाऱ्या पाण्याच्या मोटारी बसवणारा मिस्त्री मोटारीची पेटी बंद केली की झाकणावर दोनदा थाप मारायचा. "ब्लॉकचेन हाय. तुमच्या मोटारीचा हुकूम सगळ्यांच्या पेट्यांत नोंदला जातोय, एकट्याला खोडता येत न्हाई. बिनघोर ऱ्हावा." हुकूम द्यायच्या डिजिटल किल्ल्या मात्र आम्ही सगळ्यांनी त्याच्याच फोनात ठेवल्या होत्या. ते लांबलचक आकडे-अक्षरं आमच्या कुठं ध्यानात राहणार?

काल माझी मोटार आपोआप सुरू झाली. त्यानं येऊन नोंद उघडली आणि न अडखळता मोठ्यानं वाचली. "आवं, हुकूम माझ्याच फोनातल्या किल्लीनं गेलाय. मी दिला न्हाई. किल्लीची नक्कल कुणाच्या तरी हाती लागलीया."

पेटीवर थाप न मारता त्यानं फोन बंद करून बांधावर ठेवला.

तेवढ्यात पलीकडच्या बागेतली मोटारही आपोआप सुरू झाली.