चिंचेनं घासलेली बंदूक

इथे चेन्नईत दसऱ्याची पितळी भांडी चिंचेनं घासायला बसले, की त्या आंबट वासानं मी थेट जळगावच्या आमच्या मोरीपाशी जाते.

सातवीतून शाळा सुटली, तेव्हापासून भांडी माझ्याकडेच. आबा, म्हणजे माझे वडील, सोन्याच्या दुकानावर पहारेकरी. त्यांची स्वस्तातली एकनळी बंदूक दसऱ्याला शेठच्या पूजेत मांडायची असे. तिच्यावर गंजाचे ठिपके दिसले, म्हणून आदल्या दिवशी मी भांड्यांबरोबर तीही चिंच-मिठानं घासून धुऊन ठेवली. सकाळी अख्खी नळी विटकरी झाली होती.

“बेटा, हाई पितळ नही शे, लोखंड शे,” आबा एवढंच म्हणाले. रॉकेलच्या चिंधीनं ते घासत राहिले, वरून तेलाचा हात फिरवला, तरी डाग हटेनात. बंदूक खराब म्हणजे नोकरी गेली, हे मला ठाऊक होतं. मी नुसती कोरडं फडकं धरून उभी.

संध्याकाळी आबा दुकानावरून परतले, तेव्हा मी दारातच विचारलं, “काय बोलनात शेठ?”

“बोलनात थोडं. मी सांगं, मन्हीच चूक शे. नोकरी शे, रडू नको.”

माझी चूक आबांनी स्वतःवर घेतली होती, पण तेव्हा नोकरी वाचली यातच मी खूश होते. शेठसमोर माझ्यासाठी मान खाली घालून उभे असलेले आबा मला आत्ता दिसतात, आणि इथून ती मान वर करणं माझ्या हातात नाही.