चतुराबाईचा पदर

आमच्या भोकरदनकडच्या गावात सून सासऱ्याला तोंड दाखवत नाही, आणि गावातला प्रत्येक वडीलधारा तिचा सासराच. तिनं पदर पुढं ओढायचा, त्यानं तिला धक्काही लागू द्यायचा नाही. या रीतीचा आम्हाला भारी अभिमान. याच रीतीपायी एक माणूस मेला.

१९८३ साली चतुराबाई लग्न होऊन आली. त्याच उन्हाळ्यात पोरं पळवणारा म्हणून एका वाटसरूला तिच्या दारापुढच्या लिंबाला बांधून लोकांनी बडवलं. दात पडले, बरगड्या मोडल्या, तरी तो पाणी मागत राहिला. चतुराबाई तांब्या भरून दाराआड उभी होती. पण ओट्यावर सासरे, तातेराव, बसलेले. नव्या सुनेनं उंबरा कसा ओलांडायचा? पोलिस आले तेव्हा त्याच्या तोंडावर माश्या बसल्या होत्या. तो बिचारा बहिणीच्या गावाला निघाला होता.

अकरा वर्षांनी तीच आवई पुन्हा उठली. या खेपेला सापडला कल्हईवाला महेमूद. दरवर्षी आमचीच भांडी उजळून देणारा माणूस, पण त्याच लिंबाखाली मार सुरू झाल्यावर ओळख कुठली! कुणीतरी त्याच्या हातावर पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी मारत नव्हतो, नुसता बघत होतो, त्याचीच जास्त लाज वाटते. शेवटी गावातल्या थोरल्या रामरावांनी त्याच्या डोक्यात घालायला धोंडा उचलला.

तेवढ्यात चतुराबाई बाहेर आली. हातात तांब्या, डोक्यावर पदर नाही. सरळ गर्दीत घुसली. वडीलधाऱ्यांनी माना फिरवल्या, धक्का लागू नये म्हणून भराभर मागं सरले. रामरावही धोंडा टाकून बाजूला झाले. थोरले हटल्यावर पोरांचेही हात थांबले. नात्यानं मी तिचा मोठा दीर, म्हणजे सासऱ्याच्याच जागी, मीही सरलो. ती रक्तातच बसली आणि महेमूदचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पाणी पाजलं.

महेमूद वाचला, पण उजवा हात कायमचा गेला.

आमची भिंतीला भिंत. संध्याकाळी तातेराव गरजताना मला ऐकू आले, गावासमोर पदर सोडून घराची अब्रू घालवलीस म्हणून. त्यावर चतुराबाई पहिल्यांदाच त्यांच्यापुढं बोलली.

"मामा, त्या वक्ताला तुम्ही वट्यावर व्हते, मी पदर घेऊन दाराआड. दोघायची अब्रू राह्यली. माणूस मेला."