उपसा

आमच्या वाडीच्या वर, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, लष्कराचं एक जुनं आवार होतं. तारेचं कुंपण, पत्र्याच्या चार शेड आणि एकाहत्तरच्या लढाईपासून गंजत पडलेली पिंपं. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी तिथं स्टोअरला नोकरीवर होतो. घरापासून चालत वीस मिनिटं आणि सरकारी पगार. आईला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

एकदा वरून तपासणी येणार म्हणून साहेबांनी पिंपं हलवायला सांगितली. कुठं, ते सांगितलं नाही. शेडमागं कातळात खड्डा होता. जळकं तेल, रंग काढायचं औषध, इंधनाचा गाळ, सगळं त्यात ओतलं आणि वर जांभ्या दगडाचे चिरे लोटले. माझ्या देखरेखीखाली. आमचा कातळ म्हणजे नुसती चाळण. सड्यावर पडलेला पाऊस खाली विहिरींना फुटतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मी एकदाच म्हटलं, "साहेब, हे झिरपेल." ते म्हणाले, "अरे, दगडच तर आहे!" मी गप्प बसलो. नोकरी प्यारी, दुसरं काय!

पुढच्या शिमग्यानंतर आमच्या विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास यायला लागला. विहीर आमची, पण शेजारची काकीही तिथलंच पाणी भरायची. ती आणि आई एकाच गावच्या माहेरवाशिणी. एकीनं माशाचं कालवण केलं की दुसरीकडे वाटी जायचीच. पण त्याच महिन्यात दगडी गडग्याच्या हद्दीवरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. काकी रागाच्या भरात बोलून गेली, "तुझं पाणी नासो!" आणि दुसऱ्या दिवसापासून ती खालच्या ओढ्यावर, पऱ्यावर, पाण्याला जायला लागली. झालं! पाणी खरंच नासलं, तेव्हा आई म्हणाली, "तिनंच रॉकेल ओतलंन. दुसरं कोण?"

पाणी बिघडलं की विहीर उपसायची, ही आमच्याकडची रीत. सगळी वाडी जमली, तळ दिसेपर्यंत पाणी काढलं. खाली मीच उतरलो होतो. सड्याच्या बाजूच्या भेगेतून पाण्याबरोबर रंगीत तवंग येताना मी या डोळ्यांनी बघितला. वर आलो तर आईनं विचारलं, "काय रे, काय दिसलं?"

"काही नाही," म्हटलं. तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. दोन दिवस पाणी बरं होतं, मग वास दुप्पट झाला. पुन्हा उपसली, पुन्हा तेच. जितकं उपसावं तितकं वरचं विष खाली ओढलं जात होतं, आणि प्रत्येक उपशाला काकीच्या नावानं शिव्या पडत होत्या.

शेवटी देवळात गाऱ्हाणं घातलं. काकीला नारळावर हात ठेवायला लावला. "मी ओतलं असेल तर देव मला बघून घेईल," एवढंच ती म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मेला तिथंच हात जोडून उभा! लाज वाटते मला. तेव्हाही वाटत होती, पण तोंड उघडलं नाही. तिनं शपथ घेऊनही कुणाचा विश्वास बसला नाही. पावसाआधी काकी घराला कुलूप लावून मुंबईला मुलाकडे गेली.

दीड वर्षानं कार्ड आलं, काकी वारली. आईनं ते वाचून घेतलं आणि नुसतं "बरं" म्हणाली.

त्यानंतर महिन्याभरात पाण्याच्या तक्रारीवरून बाटल्यांत नमुने भरून न्यायला सरकारी माणसं आली. त्यांनी विचारलं, वर सड्यावर काय आहे? मी त्यांना सरळ खड्ड्यापाशी नेलं. पुढं ट्रक लावून गाळ काढला. कातळात मुरलेलं कोण काढणार? विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं 'पिऊ नये' लिहून ते निघून गेले.

खड्डा दाखवला त्याच संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. पिंपं, चिरे, भेग, सगळं. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं शिव्या घालेल, सूप अंगावर फेकेल. मी म्हटलं, "आई, चुकलो गो मी."

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मला काय सांगतोस?" ती म्हणाली. "जा, तिला सांग."