पोचल्यावर सांगतो

आमच्या कोल्हापुरात रस्त्यात भेटलेला माणूस "कसं काय" विचारायच्या आधी "कुठं निघालाय?" असं विचारतो. खरं उत्तर हवं असतंच असं नाही, "हितंच" म्हटलं तरी त्याचं समाधान होतं. मॅडम मात्र तेवढंही देत नसत. मंडईत, कॉलेजच्या फाटकात, एस.टी. स्टँडवर, कुणीही विचारो, त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "पोचल्यावर सांगतो!" आणि स्कूटरला किक. इकडच्या बायका "येतो, जातो" म्हणतात तशाच त्या "सांगतो" म्हणायच्या, पण त्यांच्या तोंडून ते जरा जास्तच ठणकावून यायचं. विचारणारा बिचारा पिशवी सावरत उभाच राहायचा.

मॅडम पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या आणि रविवारी शहराबाहेरच्या विमानतळावर आमच्या छोट्याशा ग्लायडिंग क्लबात उडायच्या. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. जमिनीवर दोर गुंडाळणाऱ्या विंचनं ते वर खेचायचं, उंचीवर दोर सोडायचा आणि तापलेल्या रानातून वर चढणारी हवा शोधत घारींच्या मागं घिरट्या घालायच्या. मी शाळेत भूगोल शिकवत होते आणि नकाशातल्या नद्या वरून बघायच्या हौसेपोटी तिथं गेले होते. क्लबातल्या बाया म्हणजे आम्ही दोघीच.

त्यांचं माहेर मुरगूडकडचं, वडील धम्मदीक्षा घेतलेले. एकदा मी न राहवून विचारलं, "मॅडम, साधं कुठं चाललात ते सांगायला काय जातं तुमचं?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ल्हानपणी लोकं विचारायची, कुठली गं तू? गाव सांगितलं की गल्ली विचारायची. गल्ली सांगितली की दोन पावलं मागं सरायची. त्ये पत्ता विचारत नव्हते, बाई. तवाच ठरिवलं, आदी पोचायचं, मग सांगायचं." त्यानंतर तो प्रश्न मी त्यांना कधी केला नाही.

नव्वदचं दशक सरता सरता क्लबात हातात मावणारं एक जीपीएस यंत्र आलं. आम्ही त्याला डबी म्हणायचो. आपण कुठं आहोत ते डबी आकाशातल्या उपग्रहांना विचारून दाखवायची आणि ग्लायडर जिथून गेला तिथून पडद्यावर एक रेषा ओढत जायची. आमच्या सेक्रेटरींना ती रेषा फार आवडली. त्यांनी नियमच केला. जयसिंगपूरवर वळसा घालून परत यायचं आणि अखंड रेषा दाखवायची, तरच फळ्यावर नाव आणि पुढच्या हंगामात विमानतळ सोडून लांब उडायची परवानगी. ज्याची रेषा तुटली त्यानं धावपट्टीच्या डोक्यावरच गिरक्या घ्यायच्या.

पुरुष मंडळींच्या रेषा धडाधड पुऱ्या झाल्या. मॅडम दोनदा जयसिंगपूरला जाऊन आल्या आणि दोन्ही वेळा त्यांच्या रेषेची लक्तरं झाली. डबी मध्येच बंद पडायची, पुन्हा सुरू होऊन उपग्रह शोधायला वेळ खायची आणि तेवढा रस्ता कोराच राहायचा. सेक्रेटरी मान हलवून म्हणाले, "मॅडम, यंत्राला काय न्हाय झालेलं. बाईच्या हातात चालत नसंल, काय करणार?" सगळे हसले. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

मॅडम चिडल्या नाहीत, कामाला लागल्या. बिघाड शोधायची त्यांची एक रीत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि स्वतःला विचारायचं, व्हय का न्हाय? "बघू" हा शब्द त्यांना चालत नसे. "बघू म्हंजे न्हाय," असं त्या म्हणायच्या. डबी उन्हानं तापते का? वर ओला रुमाल ठेवून उडाल्या. न्हाय. धक्क्यानं हलते का? रबर लावून घट्ट बसवली. न्हाय. आकाश दिसत नाही का? जागा बदलून काचेखाली आणली. न्हाय. डबीच्या आत पूर्वी सेल फुटून खण गंजला होता, त्यामुळे ती ग्लायडरच्याच बॅटरीवर चालायची. ती वायर सैल असेल म्हणून त्यांनी बोटानं दाबून धरली. तरी न्हाय.

मग एका रविवारी दोन आसनांच्या ग्लायडरमध्ये त्यांनी मला मागं बसवलं. "तू निस्ती डबी बघ," म्हणाल्या. मी त्यांच्या खांद्यावरून मान पुढं काढून बघत होते. रेषा छान चालली होती. तेवढ्यात रेडिओवर सेक्रेटरींचा आवाज आला, "मॅडम, कुठं आहात?" मॅडमनी बटण दाबून उत्तर दिलं आणि डबी काळी पडली.

"गेली!" मी ओरडले.

"आत्ता मी काय केलं?"

"काही नाही. बोललात फक्त."

त्यांनी डबी पुन्हा जागी होऊ दिली. मग एक शब्द न बोलता त्यांनी नुसतं रेडिओचं बटण दाबलं. डबी पुन्हा काळी. "व्हय!" मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या की मला धडकीच भरली. रेडिओ आणि डबी एकाच थकलेल्या बॅटरीवर होते. ऐकायला रेडिओ वीज थोडी घेतो, बोलायला भरपूर. बोललं की डबी उपाशी. पुरुष उडायचे तेव्हा खालून कुणी काही विचारत नसे, ते उतरताना एकदा बोलायचे, तोवर रेषा पुरी झालेली असायची. मॅडम वर गेल्या की मात्र सेक्रेटरी काळजीपोटी घडीघडी विचारायचे, कुठं आहात? आणि तेच विचारून वर म्हणायचे, बाईच्या हातात चालत न्हाय.

ग्लायडरच्या वायरींना तपासनीसाच्या सहीशिवाय हात लावता येत नव्हता. नवी बॅटरी मागितली तर सेक्रेटरी म्हणाले, "पुढच्या हंगामात बघू." पाऊस तोंडावर आलेला, उडायचा तो शेवटचा रविवार. मॅडम सेक्रेटरींसमोर उभ्या राहिल्या. "आज जयसिंगपूरला जाणार. मला विचारू नका. अडचण आली तर मीच बोलीन."

"तसं कसं? खाली माणसांनी काय समजायचं?"

"इतरांचं काय समजता? त्येच समजा."

विंचनं ग्लायडर वर ओढला, दोर सुटला, आणि थोड्या वेळात मॅडम पूर्वेला दिसेनाशा झाल्या. सेक्रेटरींना दम निघेना. "मॅडम, कुठं आहात?" उत्तर नाही. "मॅडम, ऐकू येतंय का?" काही नाही. त्यांचा चेहरा उतरला, जीप काढायला सांगितलं. मलाही वाटून गेलं, रानात कुठं आपटल्या असतील तर? पण मी रेडिओवर हात ठेवला आणि म्हटलं, "त्या ऐकताहेत. तुम्ही गप्प बसा." आमच्या सेक्रेटरींना असं कुणी बोललेलं नव्हतं. मी तरी कुठं कुणाला बोलले होते?

बऱ्याच वेळानं साखर कारखान्याच्या धुराड्याच्या अंगानं एक पांढरा ठिपका आला. मॅडम उतरल्या. सेक्रेटरी धावत गेले. "अहो, जीव टांगणीला लावलात! बोलायला काय झालं होतं?"

मॅडमनी डबी त्यांच्या हातात दिली. "बघा. तुटलीया का कुठं?"

रेषा जयसिंगपूरपर्यंत गेली होती, वळली होती आणि परत आली होती. अखंड. विंचवाला मागून ओरडला, "जयसिंगपूरला गेलता आन् तिथलं भडंग न्हाय आणलं व्हय?" आता मात्र सगळे मोकळेपणानं हसले. मॅडमनी टोपी काढली, कपाळावरचा घाम पुसला आणि सेक्रेटरींकडे बघून म्हणाल्या, "पोचलो. आता सांगतो."

फळ्यावर त्यांचं नाव सेक्रेटरींनी स्वतः लिहिलं. माणूस वाईट नव्हता.

पुढं काही वर्षांनी क्लब बंद पडला, ग्लायडर ताडपत्रीखाली गेले. सासरी मला आल्यागेल्याचा हिशेब द्यायची सवय होती, ती मी मॅडमच्या जिवावर सोडली. पहिल्यांदा "पोचल्यावर सांगते" म्हणून घराबाहेर पडले तेव्हा उंबऱ्यातून दोनदा मागं वळून बघितलं, पण पडले.

मग मॅडमना तो वाईट आजार झाला. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात माणसांची रीघ लागली होती. जो तो वाकून विचारायचा, "मॅडम, कसं वाटतंय? बोला की." त्या डोळे मिटून पडून असायच्या. शुद्ध गेली, असं सगळे म्हणू लागले. मी काही विचारलं नाही, नुसती बसून राहिले. गर्दी हटल्यावर त्यांनी एक डोळा उघडला. "ऐकतोय की समदं," म्हणाल्या. मला रडू फुटलं. मी हात धरला तर पुन्हा डोळा मिटत पुटपुटल्या, "पोचल्यावर सांगतो."

अजून त्यांचा निरोप नाही. मीही विचारत नाही. उगाच रेषा तुटायची.